बिस्किटाच्या डब्यातलं हँडबिल आणि स्कॉटलंडची व्हरायटी थिएटरं

क्लाइडकाठी (धागाकर्ता)

मंडळी, ग्लासगोत राहायला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. गेली तीन वर्षं दर शनिवारी सकाळी मी इथल्या एका छोट्या गटाबरोबर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायला जातो. विषय एकच, व्हरायटी थिएटर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका तिकिटात गाणं, नाच, कसरत, जादू, नकला, कुत्र्यांचे खेळ आणि पोस्टरवर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत विनोदवीर. रोज दोन खेळ. ‘फर्स्ट हाउस’ संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला, ‘सेकंड हाउस’ साडेआठच्या आसपास. आठवडाभर एका गावात, रविवारी आगगाडीनं पुढच्या गावाला. सोमवारी सकाळी ‘बँड कॉल’. जो आधी पोचेल त्यानं आपले नोटेशनचे कागद स्टेजच्या कडेला फूटलाइटपाशी ठेवायचे, त्याच क्रमानं तालीम. पोस्टरवर तुमचं नाव हातभर मोठं असलं आणि तुम्ही उशिरा उठलात, तर कुत्रेवाल्याचं होईपर्यंत बसून राहा!

पहिलं वर्ष मी अक्षरशः फुकट घालवलं. ‘तुम्ही हॅरी लॉडरला पाहिलंत का?’ असं विचारायचो (लॉडर म्हणजे त्या काळचा गाजलेला स्कॉटिश विनोदी गायक). ‘हो, एकदा’ किंवा ‘नाही रे’, की संपली मुलाखत. मग एका आजींनीच मला शिकवलं. म्हणाल्या, तू मोठ्या नावांचं विचारतोस, आम्ही तर गॅलरीत बसायचो, आमचं दारसुद्धा वेगळं होतं. कुठलं दार, असं विचारलं आणि पुढचा सव्वा तास आजी थांबल्या नाहीत. गॅलरीचं दार बाजूच्या गल्लीत, झगमगाट पुढच्या दाराला. जिना इतका की वर पोचेपर्यंत आईचा दम निघायचा. बाकांना पाठ नाही, त्यामुळे मागच्याचे गुडघे हीच पाठ. पावसात भिजलेल्या लोकरी कोटांचा, सिगारेटचा आणि संत्र्याच्या सालींचा मिळून एक वास. तेव्हापासून मी आधी दार विचारतो.

आता मुद्द्याचं. शेजारच्या बाईंनी घर बदलताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मला दिला. त्यात एक हँडबिल निघालं. लाल-निळी शाई, वरची पट्टी फाटलेली, त्यामुळे थिएटरचं नावच गेलंय. खाली लिहिलंय की शेवटच्या बोटीच्या वेळेआधी खेळ संपेल, म्हणजे क्लाइड नदीच्या काठावरचं एखादं सुट्टीचं गाव असणार. तारीख ‘सोमवार, १२ जुलैपासून’. साल नाही! दर शिलिंगांत, ‘करासहित’. मुख्य विनोदवीराच्या नावाखाली ‘टेलिव्हिजनवर गाजलेला’. ते नाव मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

साल कसं काढू? आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशा काही आठवणी असतील तर सांगा.

सोंगाड्या_सांगलीचा

छान धागा. पण हे म्युझिक हॉलपेक्षा वेगळं कसं? मला तरी वाचताना सारखी बतावणी आठवत होती.

क्लाइडकाठी

बापलेकाचं नातं समजा. म्युझिक हॉल एकोणिसाव्या शतकातला, दारू आणि धुराच्या खोल्यांतून वर आलेला. थिएटरं मोठी झाली, बायकापोरं यायला लागली, मालकांनी नाव बदलून व्हरायटी केलं. स्कॉटलंडची खास गोष्ट पुढेच आहे. इंग्लंडमध्ये कलावंत आठवड्याला गाव बदलायचे. इथे एक विनोदवीर स्वतःची मंडळी घेऊन एकाच थिएटरात उन्हाळाभर ठिय्या द्यायचा आणि कार्यक्रम मात्र सारखा बदलायचा. तोच प्रेक्षक पुन्हा पुन्हा यायचा, त्यामुळे जुना विनोद खपत नसे. हिवाळ्यात त्याच मंडळींचा पँटो (नाताळच्या हंगामातलं गाण्या-नाचाचं विनोदी नाटक), तोही वसंतापर्यंत चालायचा.

बतावणी तुम्हाला उगाच नाही आठवली. मागे सेट बदलायचा असला की पुढचा रंगवलेला पडदा, ‘फ्रंट क्लॉथ’, खाली यायचा आणि विनोदवीर त्याच्यापुढे दोन-तीन हात जागेत उभा राहून बोलत राहायचा. सोबत सरळ चेहऱ्याचा जोडीदार, ‘फीड’. मागे हातोड्या वाजतायत, पुढे हा हसवतोय. आमच्या एका नव्वदीच्या बॅकस्टेज कामगारानं सांगितलं की चांगला विनोदवीर पडद्यामागचा आवाज ऐकून आपलं बोलणं लांबवायचा किंवा आवरायचा. त्यांना विनोद एकही आठवत नाही, पण सोफा ठेवल्याची खूण म्हणून आपण पाय दोनदा आपटायचो हे आठवतं.

पंचांगवाले

साल काढणं सोपं आहे हो, पेन्सिल घ्या. १२ जुलैला सोमवार येतो ती वर्षं अशी: १९२६, १९३७, १९४३, १९४८, १९५४, १९६५, १९७१.

१९७१ बाद, कारण त्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये शिलिंग जाऊन दशमान नाणी आली. १९२६ बाद, टेलिव्हिजन नव्हता. १९३७ मध्ये लंडनच्या आसपास होता, पण क्लाइडवर त्याची जाहिरात कोण करेल? १९४३ मध्ये युद्धामुळे टीव्ही बंद होता. उरली १९४८, १९५४, १९६५.

क्लाइडकाठी

पंचांगवाले, साष्टांग. ‘करासहित’चा काही उपयोग होईल का?

पंचांगवाले

होईल की. तो करमणूक कर. नाटक-व्हरायटीसारख्या जिवंत खेळांवरचा १९५७ साली उठला, सिनेमावरचा १९६० मध्ये. म्हणजे १९६५ गेलं.

कशावरून

१९४८ का बाद करायचं पण? बीबीसीचा टीव्ही १९४६ ला परत सुरू झाला होता. एखादा स्कॉटिश विनोदवीर लंडनला जाऊन तिथं दिसलाही असेल.

पंचांगवाले

दिसला असेल, पण जाहिरात कुणासाठी असते? स्कॉटलंडमध्ये टीव्ही दिसायला लागला तो किर्क ओ’ शॉट्सचा मनोरा १४ मार्च १९५२ ला चालू झाल्यावर. त्याआधी ‘टेलिव्हिजनवर गाजलेला’ म्हटलं तर बोटीतून उतरणारा माणूस विचारेल, कुठे गाजलेला? १९५३ ला राणीचा राज्याभिषेक झाला, त्यासाठी लोकांनी सेट घेतले. मी १९५४ वर शिक्का मारतो.

कशावरून

शंभर टक्के पुरावा नाही, पण मानलं.

क्लाइडकाठी

मलाही पटलं. डब्याच्या मालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘१९५४? मग तो माझ्या मोठ्या बहिणीचा. त्या उन्हाळ्यात ती बिघडली होती.’ पुढचं काही सांगितलं नाही :)

गंमत बघा, १९५४ मध्ये टीव्हीचं नाव पोस्टरवर मिरवायची वस्तू होतं. तीनच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५७ ला, स्कॉटिश टेलिव्हिजन सुरू झालं, आणि तेही ग्लासगोचं थिएटर रॉयल विकत घेऊन, त्याचाच स्टुडिओ करून. ज्यानं खायचं तो थेट घरात येऊन बसला. व्हरायटीतलीच माणसं मग दुपारी फुकटात लोकांच्या बैठकीच्या खोलीत दिसायला लागली. थिएटर रॉयल निदान वाचलं, १९७५ मध्ये स्कॉटिश ऑपेराचं घर म्हणून पुन्हा उघडलं.

पिटातला_प्रेक्षक

आणि जी वाचली नाहीत त्यांचं काय? स्टॉकवेल स्ट्रीटचं मेट्रोपोल १९६१ मध्ये जळालं. ते मूळचं १८६२ चं स्कोशिया म्युझिक हॉल, हॅरी लॉडर उमेदवारीच्या काळात तिथं उभा राहिलेला. सॉकीहॉल स्ट्रीटवरचं एम्पायर १९६३ ला बंद. अल्हाम्ब्रा १९६९ ला बंद, १९७१ ला जमीनदोस्त. काय देखणं थिएटर होतं म्हणतात! तिथले ‘फाइव्ह पास्ट एट’ नावाचे उन्हाळी खेळ, स्टॅन्ली बॅक्स्टर, जिमी लोगन, रिकी फुल्टन, जॅक मिलरॉय. फुल्टन-मिलरॉयची फ्रान्सी आणि जोसी ही जोडी म्हणजे नट्टापट्टा केलेले दोन ग्लासगोकर टपोरी.

जिमी लोगनचं मला फार वाईट वाटतं. त्याचे आईवडीलही याच धंद्यातले, सगळं कुटुंब मेट्रोपोलशी बांधलेलं. ते जळाल्यावर यानं १९६४ मध्ये सेंट जॉर्जेस क्रॉसचं एक थिएटर घेतलं आणि ‘न्यू मेट्रोपोल’ नाव दिलं. लोक टीव्हीसमोर बसलेले. सगळा पैसा त्यात बुडाला.

क्लाइडकाठी

पण त्याच लोगननं आयुष्यभर जमवलेली कागदपत्रं, त्यात हॅरी लॉडरचं सामानही, आज ग्लासगो विद्यापीठाच्या स्कॉटिश थिएटर आर्काइव्हमध्ये आहेत. १९८१ मध्ये सुरू झालेला हा संग्रह विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं होतं फक्त ‘दर्जेदार’ नाटकांचं काही असेल. पँटोच्या संहिता बघून उडालोच. पेन्सिलीनं खोडून वर दुसऱ्या गावाचं नाव लिहिलेलं. विनोद तोच, गाव बदललं.

ट्रॉन्गेटची_वाट

मी गेल्या वर्षी लेकीला भेटायला ग्लासगोला गेले होते, तेव्हा ब्रिटानिया पॅनॉप्टिकन हे जुनं म्युझिक हॉल पाहिलं. खाली रस्त्यावर साधी दुकानं, शेजारून जिना चढून जायचं. १८५० च्या दशकातली इमारत. वर गेल्यावर एकदम घोड्याच्या नालेसारखी लाकडी बाल्कनी, रंग उडालेला, थंडी मरणाची. १९३८ ला बंद पडलं, मग खोट्या छताच्या वर ते सगळं तसंच राहिलं. खाली लोक कपडे शिवत होते, विकत होते, आणि डोक्यावर अख्खं थिएटर! लाकडी फळ्यांच्या खालून सापडलेल्या वस्तू मांडल्यात. सिगारेटची पाकिटं, बटणं, पडलेलं काय काय. मला ती बटणं बघून भरून आलं. कुणाच्या तरी कोटाचं तुटलं असेल, तो घरी जाऊन बोलणी खाल्ला असेल.

एका काकांनी माहिती दिली. लॉरेल-हार्डीतला स्टॅन लॉरेल १९०६ साली सोळाव्या वर्षी पहिल्यांदा तिथं उभा राहिला. त्याचा बाप तेव्हा मेट्रोपोलचा व्यवस्थापक होता, आणि पोरगा बापाच्या थिएटरात नाही तर इथं गेला!

सोंगाड्या_सांगलीचा

बापाच्या थिएटरात पडला असता तर घरी दोनदा बोलणी खाल्ली असती.

मुंबईचा_बबन

ग्लासगो एम्पायरबद्दल एक किस्सा. तिथले प्रेक्षक इंग्लिश विनोदवीरांचा खातमा करायचे म्हणे. डेस ओ’कॉनरनं तर स्टेजवर चक्कर आल्याचं सोंग करून सुटका करून घेतली.

पिटातला_प्रेक्षक

बबन, हा किस्सा खरा, स्वतः ओ’कॉनरच सांगायचा. पण एम्पायरचे किस्से ऐकताना एक लक्षात ठेवा, ते सगळे इंग्लिश विनोदवीरांनीच सांगितलेत. पडलेला माणूस मैदानाला दोष देणारच. एम्पायरमध्ये वाजलेल्या टाळ्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यात गोष्टच नाही.

क्लाइडकाठी

+१. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये एम्पायरच्या शुक्रवारच्या सेकंड हाउसला नियमित बसणारे एक गृहस्थ आहेत. ते म्हणतात, आम्ही क्रूर नव्हतो, दमलेलो होतो. आठवडाभर गोदीत काम, हातात पगार, पोटात दोन ग्लास. समोरचा माणूस लंडनच्या बोलीत आपल्या सासूबद्दल बोलतोय आणि आम्हाला निम्मं कळत नाही. आम्ही हसत नव्हतो एवढंच.

विरोधी_पक्ष

सगळे गहिवरलेत म्हणून विचारतो. यातलं किती खरंच जपण्यासारखं आहे? तोंडाला काळं फासून गाणारी मंडळी याच पोस्टरांवर असायची. बीबीसीवर तो प्रकार १९७८ पर्यंत चालला. दुसरं म्हणजे हॅरी लॉडरचा तो किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागरा), वाकडी काठी, कंजूष स्कॉट. ह्यू मॅकडायर्मिडसारख्या कवीनं त्याच्यावर कडाडून टीका केली होती ती उगाच नाही. स्वतःच्या लोकांची टिंगल करून इंग्लंड-अमेरिकेत पैसा कमावला.

क्लाइडकाठी

पहिल्या मुद्द्यावर वाद नाही. आम्हाला असे कार्यक्रम-पत्रकांचे कागद मिळतात तेव्हा गटात एकदा भांडण झालं. एकाचं म्हणणं, ही पानं स्कॅन करू नका, लाज वाटते. माझं मत उलट. ती काढून टाकली तर उरलेलं सगळं खोटं गोड दिसेल. पान ठेवायचं, खाली काय आहे ते स्वच्छ लिहायचं. तसंच केलं.

लॉडरबद्दल मात्र थोडं अडतं. हा माणूस लहानपणापासून राबलेला, हॅमिल्टनच्या कोळशाच्या खाणीत उतरलेला. एकुलता एक मुलगा जॉन २८ डिसेंबर १९१६ ला फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. बाप काही दिवसांतच लंडनच्या स्टेजवर परत उभा राहिला, कारण त्याच्यावाचून खेळ बंद पडून बाकीच्यांचा रोजगार बुडाला असता. किल्टवर टीका जरूर करा, पण त्या काठीला टेकून कोण उभं होतं तेही बघा. आणि घरच्या प्रेक्षकांचे लाडके वेगळेच होते. टॉमी लॉर्न, डेव्ह विलिस, अॅबरडीनचा हॅरी गॉर्डन. त्यांची बोली सीमेपलीकडे चालत नसे, त्यामुळे ते बाहेर फारसे माहीतच नाहीत. मला त्यांचीच काळजी जास्त. लॉडरच्या तबकड्या लाखांनी खपल्या, तो कुठे जात नाही.

विरोधी_पक्ष

काठीचं वाक्य जरा जास्त झालं. बाकी मान्य.

मुंबईचा_बबन

अवांतर: एडिंबरोच्या एम्पायर पॅलेसमध्ये ९ मे १९११ ला जादूगार लाफायेतच्या खेळात आग लागली. सुरक्षा-पडदा खाली आला, बँडनं राष्ट्रगीत सुरू केलं, प्रेक्षक उभे राहिले आणि शिस्तीत बाहेर पडले. स्टेजमागचे लोक मात्र गेले, लाफायेतसुद्धा. त्याचं समजून एक शव दहनासाठी ग्लासगोला नेलं, मग ढिगाऱ्यात दुसरं सापडलं. पहिलं त्याच्या खेळातल्या तोतयाचं होतं! मेल्यावरही हातचलाखी. लाफायेतची राख पुरलीय त्याच्या कुत्रीशेजारी, जी त्याला जादूगार हुदिनीनं दिली होती. आज त्या जागी फेस्टिव्हल थिएटर आहे.

जुनी_वही

हँडबिलाबद्दल दोन गोष्टी घाईत. पेटीबंद प्लास्टिक करून घेऊ नका, म्हणजे लॅमिनेशन. फाटलंय तिथं चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून शाई घेऊन जाते. डब्यातून काढून आम्लरहित कागदाच्या पाकिटात, आडवं. मागची बाजूही स्कॅन करा, कोरी असली तरी. आणि डबा फेकू नका.

क्लाइडकाठी

डबा ठेवलाय. मागची बाजू कोरी नाही, पेन्सिलीनं एका बोटीची वेळ लिहिलेली आहे. बहिणीबद्दलचं कुतूहल वाढलंय, पण विचारणार नाही.

पेझलीची_सून

पहिल्यांदाच लिहितेय. माझे सासरे १९६३ मध्ये मिरजेहून डॉक्टर होऊन ग्लासगोजवळच्या पेझलीला आले. आता वय ८९, पुण्यात आमच्याकडे असतात. त्यांना मी हा धागा वाचून दाखवला तर म्हणाले, ‘पॅव्हिलियन’. ते ग्लासगोचं पॅव्हिलियन ना? पुस्तकी इंग्रजी उत्तम होतं, पण पेशंट काय बोलतात ते कळेना. वॉर्डातल्या सिस्टरनं सांगितलं, डॉक्टर, भाषा शिकायची तर थिएटरला जा. हे फार तोडकं-मोडकं वाटेल, कारण ते सगळं मराठीत सांगतात. तुमच्या कामाचं आहे का?

क्लाइडकाठी

ताई, कामाचं आहे का काय विचारता! तेच पॅव्हिलियन, १९०४ चं, अजून चालू आहे. साठच्या दशकात तिथं विनोदवीर लेक्स मॅक्लीनचे मोठे मुक्काम असायचे. काकांना मराठीतच बोलू द्या. इंग्रजीत सांगायला लावलंत की माणूस साक्ष दिल्यासारखं बोलतो. फोन विमान-मोडवर टाका, त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, खाली रुमाल. पंखा बंद. मधे बोलू नका, गप्प बसून थांबा. आणि पहिला प्रश्न?

पेझलीची_सून

कुठल्या दारानं शिरलात :)

पेझलीची_सून

केलं. चाळीस मिनिटं झाली, मग त्यांना चहा हवा होता. सगळं लिहून काढतेय, पण एक तुकडा आजच देते.

‘पगार कमी, म्हणून वर बसायचो. शेजारी एक बाई होती, जाडजूड, मांडीवर चिप्सचा कागद. तिला दिसलं की मला काही कळत नाहीये. मग ती प्रत्येक विनोद झाला की माझ्या कानात साध्या इंग्रजीत सांगायची. पण तोपर्यंत सगळे हसून झालेले. मग मी एकटा हसायचो. दोन-तीनदा असं झालं. स्टेजवरचा माणूस थांबला, वर बघितलं, खिशातून घड्याळ काढलं आणि नुसता उभा राहिला. तिनं मला सांगितलं, मी हसलो, तेव्हा त्यानं मान हलवून घड्याळ ठेवलं आणि पुढचं सुरू केलं. अख्खं थिएटर माझ्याकडे वळून बघत होतं.’

तो माणूस कोण ते त्यांना आठवत नाही. बाईचा कोट हिरवा होता हे आठवतं. ‘पीली-वॉली’ म्हणजे फिकट पडलेला आणि ‘वॅबिट’ म्हणजे थकून गेलेला, हे दोन शब्द तिनंच शिकवले, आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीत पहिल्याच पेशंटनं दोन्ही वापरले.

कशावरून

याला पुरावा मागणार नाही.

क्लाइडकाठी

ताई, मूळ ऑडिओ जशीच्या तशी पाठवा, चहाच्या कपासकट. भाषेच्या रकान्यात पहिल्यांदाच ‘मराठी’ लिहायला मिळतंय. आणि काकांना एक विचाराल का, ती बाई पुढच्या आठवड्यालाही होती का?

पेझलीची_सून

विचारलं. म्हणाले, ‘मी गेलो होतो बघायला.’